झाड किती जगतं, पराग कोण नेतं, बी कोण नेतं ते आधी बघा, डीएनए नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सह्याद्रीतल्या पाच देवरायांमधून बेहड्याची पानं आणली, प्रत्येक देवराईतली १५-२० मोठी झाडं, डीएनए काढला, मार्कर (डीएनएतल्या ओळखखुणा) चालवले, आणि रिझल्ट असा आला की विविधता भरपूर आणि देवराया-देवरायांमध्ये फरक जवळपास नाहीच. तर मग "जंगलाचे तुकडे झाल्याचा बेहड्यावर जनुकीय परिणाम झालेला नाही" असं लिहू का? आणि मैत्रीण सड्यावरच्या (कातळपठारावरच्या) एका वर्षायू, म्हणजे एका वर्षातच जगून संपणाऱ्या, रानफुलावर काम करतेय, तिला शेजारशेजारच्या दोन सड्यांमध्येसुद्धा मोठा फरक मिळालाय, तर दोघींपैकी कुणाचं चुकलंय?

कुणाचंच चुकलेलं नाही. पण ते वाक्य मात्र कृपा करून लिहू नका. मी गेली बावीस वर्षं हेच काम करतेय, अर्धं रानात आणि अर्धं लॅबमध्ये, आणि हे वाक्य मी इतक्या प्रबंधांमध्ये वाचलंय की आता दिसलं की जीव कळवळतो, कारण उद्या कुणीतरी तेच वाक्य दाखवून म्हणणार की तुकडे झाले तरी झाडांना काही होत नाही, मग अजून एक रस्ता काढूया.

तुम्ही ज्या झाडांची पानं घेतलीत ती रुजली कधी? कवेत न मावणारा बेहडा आहे म्हणजे शंभरेक वर्षं तरी धरा, काही त्याहून जुने असतील. ते रोपटं होते तेव्हा आजूबाजूला सलग रान होतं. कोळशासाठी तोड झाली, रेल्वेच्या स्लिपरांसाठी झाली, मग धरणं, रस्ते, बागा, प्लॉट आले, हे सगळं त्या झाडांच्या डोळ्यादेखत झालंय. म्हणजे तुमच्या डेटात जे दिसतंय ते आजच्या देवराईचं चित्र नाही, ते त्या जुन्या सलग जंगलाचं आहे. झाडं तीच उभी आहेत तर त्यांच्यातली विविधता कमी होणार तरी कशी, ती कमी व्हायची असेल तर पुढच्या पिढीत होणार, आणि पुढची पिढी तुम्ही मोजलीच नाहीत.

हे आकड्यात करून बघा, साधं गणित आहे. छोट्या पॉप्युलेशनमध्ये (एका ठिकाणच्या झाडांच्या गटात) दर पिढीला हेटेरोझायगोसिटीचा, म्हणजे एकाच जनुकाची आईबापांकडून दोन वेगळी रूपं आलेली असण्याच्या प्रमाणाचा, एक छेद दोन-एन इतका हिस्सा निसटतो. एन म्हणजे खरोखर पुढच्या पिढीला हातभार लावणारी झाडं. समजा देवराईत अशी २० झाडं आहेत, तर दर पिढीला जाणार एक चाळीसांश, म्हणजे अडीच टक्के. एका पिढीनंतर ९७.५ टक्के शिल्लक. एवढा फरक १५-२० सॅम्पलमध्ये पकडायला जाल तर सापडणार नाही, तो मोजणीच्या चुकीतच विरघळून जाईल. दहा पिढ्या गेल्या की मात्र साधारण ७८ टक्के उरते, आणि हे दिसतं. आता मैत्रिणीच्या फुलाकडे बघा. ते पावसाळ्यात रुजतं, दसऱ्याच्या आसपास वाळून जातं, त्याच्या दहा पिढ्या म्हणजे दहा वर्षं. बेहड्याच्या दहा पिढ्या म्हणजे कित्येक शतकं. तुमची दोघींची घड्याळंच वेगळी आहेत आणि तुम्ही एकाच वेळी त्यात बघताय.

अजून एक, हेटेरोझायगोसिटी ही सावकाश कमी होणारी गोष्ट आहे. आधी जातात ते विरळ अलील (जनुकाची वेगवेगळी रूपं), जे एखाद्-दुसऱ्या झाडातच असतात. म्हणून तुमच्या टेबलात फक्त हेटेरोझायगोसिटी असेल तर अलीलची संख्या पण काढा, सॅम्पलच्या आकाराप्रमाणे समान करून, नाहीतर २० झाडांची देवराई १५ झाडांच्या देवराईपेक्षा उगाच श्रीमंत दिसेल.

आता मैत्रिणीच्या फुलाला नुसतं आयुष्य कमी असणं एवढंच कारण नसेल, त्याचं परागीभवन कसं होतं ते तिला आधी विचारा. हा मुद्दा मला नेहमी ज्वारी-बाजरीवरून समजावता येतो, कारण आपल्याकडे दोन्ही सगळ्यांनी बघितलेली असतात. बाजरी निसवली की पहिल्या एक-दोन दिवसांत कणसाजवळ डोळा नेऊन बघा. कणसावर पांढरी बारीक लव आल्यासारखी दिसते, ते सगळे स्त्रीकेसर, परागकोश अजून आतच. दोन-तीन दिवसांनी परागकोश बाहेर लोंबायला लागतात, तोवर खालची-वरची बरीचशी लव दुसऱ्याच ताटाच्या परागाने फळून कोमेजलेली असते. म्हणजे बाजरीला वाऱ्यावर आलेल्या परक्या परागाशिवाय फारसं चालतच नाही. ज्वारीचं उलट, एकाच फुलातले पराग आणि स्त्रीकेसर जवळपास बरोबरीने तयार होतात, परपरागीभवन साधारण ५ ते १५ टक्के, बाकी सगळं घरातल्या घरात. म्हणून मालदांडीचं बी शेतकरी पिढ्यान्पिढ्या घरचं ठेवू शकतो आणि ते मालदांडीच राहतं, बाजरीच्या जुन्या वाणाचं बी शेजारच्या शेतात दुसरा वाण असेल तर दोन-चार वर्षांत मिसळून जातं.

जनुकांच्या भाषेत याचा अर्थ असा की स्वपरागीभवनात दर पिढीला हेटेरोझायगोसिटी निम्मी होते, १०० ची ५०, ५० ची २५, मग साडेबारा. एन सुद्धा परिणामात निम्म्यावर येतो. आणि एका शेतातला पराग दुसऱ्या शेतात जातच नाही म्हटल्यावर प्रत्येक ठिकाणची वंशावळ आपापल्या वाटेने जाते. अमेरिकेतल्या हॅमरिक आणि गॉट यांनी १९९० च्या सुमाराला शेकडो वनस्पतींवरची तोवरची कामं एकत्र करून बघितली होती, त्यात स्वपरागी वनस्पतींमध्ये एकूण विविधतेपैकी साधारण निम्मी विविधता पॉप्युलेशन-पॉप्युलेशनमधल्या फरकात होती, आणि वाऱ्यावर परपरागीभवन होणाऱ्यांमध्ये हाच आकडा दहा टक्क्यांच्या आसपास. वर्षायूंमध्ये ३५ टक्क्यांच्या आसपास, आणि दीर्घायुषी वृक्षांमध्ये ८ टक्क्यांच्याही आत. आकडे त्या काळच्या प्रथिनांच्या मार्करवरचे आहेत, आजच्या मार्करवर तेच येतील असं नाही, पण कल तोच दिसतो. म्हणजे तुमचा बेहडा आणि मैत्रिणीचं फूल दोघंही आपापल्या गोतावळ्याप्रमाणेच वागलेत.

याचा उपयोग बी साठवताना होतो, आणि इथे चूक झाली तर महागात पडते. ज्वारीसारख्या वनस्पतीचं बी जपायचं असेल तर खूप गावं फिरा, प्रत्येक गावातून थोडी ताटं घेतली तरी चालेल. बाजरीसारखीचं असेल तर कमी गावं चालतील पण प्रत्येक ठिकाणाहून भरपूर ताटं घ्या. सगळ्यांना एकच नियम लावून "दर ठिकाणी ३० झाडं" असं करणारे लोक मी बघितलेत, त्यात निम्मी मेहनत वाया जाते.

बरं, बेहड्याकडे परत येऊ. देवरायांमध्ये फरक नाही यामागे पराग लांब जातोय हे पण कारण असू शकतं, नुसतं जुनं आयुष्य नाही. आणि पराग किती लांब जाऊ शकतो याचा अंदाज आपल्याला नसतो. नामिबियात उगाब नदीच्या काठाला उंबराच्याच गोतातलं एक झाड वाळवंटात तुरळक उभं असतं, तिथे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या कामात फळांतल्या बियांचे बाप शोधले, तर पराग सरासरी ८९ किलोमीटरवरून आला होता आणि सगळ्यात लांबचा १६० किलोमीटरवरून. नेणारी एक मिलिमीटरभर लांबीची गांधीलमाशी, जिचं बाहेरचं आयुष्य एक-दोन दिवसांचं, ती वाऱ्यावर स्वार होऊन जाते. आता बेहडा उंबर नाही, त्याची ती उग्र वासाची बारीक फुलं माश्या आणि मधमाश्यांच्या भरवशावर असतात, १६० किलोमीटर वगैरे विसरा, पण दोन देवरायांमधलं चार-सहा किलोमीटरचं अंतर, मधे थोडीफार झाडं असतील तर, मधमाशीला अशक्य नाही. शिवाय काही ठिकाणी मोकळ्या माळावरच्या एकट्या झाडाला पराग उलट जास्त लांबून येतो असंही दिसलंय. पण त्यात एक फसवणूक आहे, पराग लांबून आला तरी तो दोन-तीनच झाडांचा असू शकतो. म्हणजे अंतर भरपूर, बाप मोजकेच. त्या बियांची रोपं एकमेकांची सख्खी-सावत्र भावंडं निघतात.

आणि बी? बी ही वेगळीच गोष्ट आहे, लोक दोन्ही एकत्र करतात. बेहड्याचं फळ भेकर, सांबर यांच्यासारखी जनावरं खातात, आठळी दूर कुठेतरी बसून रवंथ करताना टाकतात. देवराईच्या भोवती कुंपण, वस्ती, कुत्री आली आणि जनावर यायचं थांबलं की फळं झाडाखालीच पडून राहतात. मग पराग येतोय पण बी हलत नाही. हे दोन धागे वेगळे काढायची सोय निसर्गानेच ठेवलीये, बहुतेक सपुष्प वनस्पतींमध्ये क्लोरोप्लास्टचा (पानातल्या हिरव्या कणांचा) डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणजे तो बियांबरोबरच फिरतो, परागाबरोबर नाही. युरोपातल्या ओकांवर हे फार सुंदर दिसलंय. हिमयुगात ओक स्पेन, इटली आणि बाल्कन भागात तग धरून राहिले होते, तिथून उत्तरेला पसरले, आणि आजही क्लोरोप्लास्ट बघितला तर कुठली रांग कुठून आली ते नकाशावर पट्ट्यांसारखं दिसतं. आणि त्याच झाडांचा केंद्रकातला डीएनए बघितला तर फरक जेमतेम, कारण पराग सगळीकडे फिरतो. बी हळू, पराग वेगात. तुमच्याकडे डीएनए काढलेला आहेच, त्याच ट्यूबवर दोन-तीन क्लोरोप्लास्टचे मार्कर चालवून बघा, फार खर्च नाही आणि प्रबंधाला एकदम खोली येईल.

मोजताना अजून एक फसगत होते ती झाडांच्या डोक्यांची गणती म्हणजेच एन असं धरल्यामुळे. हे मला लॅबमध्ये नाही, सिंधुदुर्गात एका वाडीत कळलं. आम्ही रातांब्याची (कोकमाची) झाडं मोजत होतो, आणि घरातल्या आजी बरोबर फिरत होत्या. एका तरण्या झाडापाशी थांबून त्यांनी डहाळी वाकवली, फुलं बघितली आणि म्हणाल्या, "ह्यो नर असा. ह्येका काय धरूचा नाय." पुढच्या खेपेला ते झाड नव्हतं. त्यांचं काही चूक नाही, परसात जागा किती असते, आणि ज्याला रातांबा लागत नाही ते झाड कोण ठेवणार. पण हेच प्रत्येक वाडीत झालं तर काय होतं बघा. नर आणि मादी वेगळ्या असलेल्या झाडात खरा एन काढायचा म्हणजे नर गुणिले मादी गुणिले चार, भागिले एकूण झाडं. १०० झाडं, त्यात ५० नर ५० माद्या, तर उत्तर १००. ९५ माद्या आणि ५ नर, तर उत्तर १९. झाडं शंभरच दिसतायत, हिरवीगार, फळांनी लगडलेली, आणि जनुकांच्या हिशेबाने ती १९ झाडांची वाडी आहे. वर त्यातली निम्मी एकाच चांगल्या मादीची कलमं असतील तर तेवढंही नाही. हापूसच्या बागांचं तर आपल्याला माहितीच आहे, हजार झाडं उभी पण सगळी एकाच झाडाची कलमं, म्हणूनच तर मधेमधे केसर किंवा रत्ना लावायचा सल्ला देतात, हापूसला स्वतःच्याच परागाने फळधारणा नीट होत नाही.

रानातही हे होतं, माणसाने कलम न करताही. अमेरिकेतल्या युटामध्ये पांडो नावाचं अॅस्पेनचं रान आहे, ४३ हेक्टरवर साधारण ४७ हजार खोडं, आणि सगळं मिळून एकच व्यक्ती, मुळांतून फुटलेली. आपल्याकडे बांबूच्या बेटात, गवतात, कंदवाल्या वनस्पतीत हेच थोड्या प्रमाणात असतं. तुमच्या मैत्रिणीचं फूल वर्षायू आहे म्हणून तिला ही काळजी नाही, पण कुणी कंदवाल्या वनस्पतीवर काम करत असेल तर दोन सॅम्पलमधलं अंतर ठरवायच्या आधी माती उकरून बघा की खालून जोडलेलं आहे का.

आता कारवी. हिच्याबद्दल मी लिहायला लागले की थांबत नाही, पण तुमच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे, कारण हिच्यात अंतर किलोमीटरात नसतं, वर्षांत असतं. सात-आठ वर्षं नुसती वाढते, मग एका पावसाळ्याच्या शेवटी डोंगरच्या डोंगर जांभळा होतो, मधमाश्या वेड्यासारख्या येतात, फळं धरतात आणि सगळी झाडं एकदम मरतात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ ला फुलली होती, मग २०२४ ला. वाळलेली फळं पुढच्या पावसाच्या पाण्याने तडतड फुटतात, उतारावर उभं राहिलात तर तो आवाज ऐकू येतो, आणि बी उडून पडतं ते काही हातांवर. तिथेच नवी पिढी दाटीवाटीने उगवते, सगळी एका वयाची.

आता विचार करा, एका डोंगराची कारवी २०२४ ला फुलली आणि शेजारच्या डोंगराची दोन वर्षं मागेपुढे असेल, तर मधे फक्त एक ओढा असला तरी त्या दोघींची गाठ पडणार नाही. बी काही हातांवरच पडणारं, पराग न्यायला मधमाशी आहे पण समोर फूलच नाही. एखाद-दुसरं झाड चुकून अवेळी फुलतं, ते एकच दुवा. म्हणून कारवीसारख्या झाडात "या डोंगरावर फरक का आहे" याचं उत्तर नकाशात शोधत बसण्यापेक्षा गावातल्या जुन्या माणसाला विचारा की मागच्या वेळी कधी फुलली होती. मुन्नारची नीलकुरिंजी २००६ ला आणि मग २०१८ ला, बारा वर्षांची. मिझोराममधला मौताक बांबू १९११-१२, मग १९५८-५९, मग २००६-०७, अठ्ठेचाळीस वर्षांची एक पिढी. अशा झाडात एका वर्षी वणवा लागला किंवा फुलोऱ्याच्याच वर्षी तोड झाली तर अख्खी पिढी गेली, मागे आधीच्या वयाची कुणी उभी नसते. बेहड्याचं तसं नाही, त्याच्यात आजोबा, बाप, नातू सगळे एकाच वेळी जिवंत असतात, तोच त्याचा विमा आहे.

वर्षायूंचा विमा मातीत असतो. सगळं बी एकाच वर्षी रुजत नाही, काही पडून राहतं. ज्वारीतला टारफुला शेतकऱ्यांना चांगलाच माहिती आहे, बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं आणि यजमान पिकाचं मूळ जवळ आलं की जागं होतं. चीनमध्ये जुन्या तळ्याच्या गाळातून काढलेलं कमळाचं बी साधारण १३०० वर्षांचं असूनही रुजलं होतं. असं बी असेल तर एका वाईट पावसाळ्यात वर दिसणारी सगळी रोपं गेली तरी जुन्या वर्षांची विविधता खाली शिल्लक असते. मैत्रिणीला सांगा की तिच्या सड्यावरची चिमूटभर माती दोन-तीन ठिकाणांहून आणून ट्रेमध्ये रुजवून बघ, जे उगवेल त्याचे आणि यंदा फुललेल्यांचे अलील जुळतात का बघ. आणि तो सडा कुणी मुरुमासाठी खरवडत असेल तर फुलांबरोबर हा साठाही जातो, हे तिच्या प्रबंधात ठळकपणे यायला हवं.

तर आता तुम्ही काय करायचं. पाचही देवरायांत परत जा, पण आता मोठ्या झाडांकडे नाही, खाली बघा. बेहड्याची फळं थंडीत पडतात, रोपं पावसात वर येतात, म्हणजे जुलै-ऑगस्ट हा तुमचा महिना. प्रत्येक देवराईत शक्य तेवढी रोपटी आणि हाताच्या मनगटाएवढी तरणी झाडं घ्या, एक-एक पान पुरतं, सुकायला सिलिका जेलमध्ये टाका. मोठ्या झाडांचा छातीच्या उंचीवरचा घेर तुमच्या वहीत असेलच, नसेल तर तोही घ्या, म्हणजे घेराप्रमाणे गट पाडून जुनी पिढी आणि नवी पिढी शेजारी शेजारी ठेवता येईल. प्रत्येक ठिकाणी तीन-चार आईझाडं निवडून त्यांच्या खालची फळं वेगवेगळ्या पिशव्यांत घ्या, रुजवा, आणि एका आईच्या मुलांमध्ये बाप किती निघतात ते मोजा. हे एक काम तुमच्या सगळ्या प्रबंधापेक्षा जास्त सांगेल. रोपट्यांचे सॅम्पल एकाच झाडाखालून घेऊ नका, नाहीतर भावंडंच येतील. आणि दोन वेगळ्या वंशावळींची रोपं एका गटात टाकून होमोझायगोट (दोन्ही अलील सारखे असलेली) जास्त दिसले तर लगेच "अंतःप्रजनन" लिहून मोकळ्या होऊ नका, नुसती सरमिसळ केल्यानेही तसंच दिसतं.

कदाचित असंही होईल की तुम्ही जाल आणि एखाद्या देवराईत रोपटंच सापडणार नाही, नुसतेच म्हातारे बेहडे. तसं झालं तर ती रिकामी जागा लिहा. किती चौरस मीटर शोधलं, किती सापडली, शून्य असेल तर शून्य. मी एका देवराईत चार तास शोधून दोन रोपटी मिळवली होती, दोन्ही पायवाटेच्या कडेला, आणि पुढच्या वर्षी एक उरलं होतं. आणि जाण्याआधी गावकऱ्यांना, गुरवाला विचारून जा, देवराईतलं पानसुद्धा न विचारता घ्यायचं नसतं, मुळात तसं पाळलं म्हणून तर ती झाडं तुम्हाला अभ्यासाला मिळाली. मागच्या पन्नास वर्षांत कोणती जनावरं यायची बंद झाली हेही त्यांनाच विचारा, आणि उत्तर मिळेल ते तारखेसकट वहीत उतरवून ठेवा.